मामाच्या जागी

वऱ्हाडात उन्हाळ्यात जाऊ नये, असं मला पुण्यात सतरा जणांनी सांगितलं होतं. मी गेले ते उन्हाळ्यातच, कारण प्रबंध ज्येष्ठात द्यायचा होता आणि माझ्याकडे एकही वंशावळ नव्हती. मानववंशशास्त्राच्या एम.ए.ला आम्ही पाचजण होतो, त्यात बाई मी एकटी. विभागाच्या भिंतीवर एक काळा लाकडी फळा होता. त्यावर पहिल्या वर्गात आलेल्यांची नावं पांढऱ्या रंगात लिहिलेली असत, आणि त्यात बाईचं नाव एकही नव्हतं. ते मला तिथं लावायचं होतं. खोटं कशाला बोलू, शास्त्रबिस्त्र नंतर.

सरांचे नियम कडक होते. एक गाव घ्यायचं, तीस घरं घ्यायची, आणि प्रत्येक घराची पाच पिढ्यांची वंशावळ त्यांनी पानांवर आकडे घालून दिलेल्या वहीत शाईनं उतरवायची. पान फाडलं तर वही बाद. प्रबंधाबरोबर वहीसुद्धा परीक्षकांपुढे जाणार. "जे वहीत नाही ते तुम्ही पाहिलंच नाही," असं ते म्हणत. आणखी एक नियम होता. मुलं किती, हा प्रश्न प्रत्येक बाईला तीनदा विचारायचा, तीन वेगळ्या दिवशी, कारण पहिल्या दिवशी कुणी खरं सांगत नाही.

यातल्या माणसांची नावं मी बदलली आहेत, आणि गावाचं नाव सांगणार नाही. ज्यांना या लिहिण्याचा त्रास झाला असता ती माणसं आता राहिली नाहीत.

अकोला

गाडीतून उतरले तर फलाटावर कापसाचे पुंजके उडत होते. हंगाम संपला होता, तरी सरकी काढायच्या जिनांच्या आवारातून वाऱ्याबरोबर कापूस येतच होता, आणि टांगेवाल्याच्या मिशीतही थोडा अडकला होता. वडिलांचे एक वकील स्नेही तिथं राहत. त्यांच्याकडे माझी दोन दिवस सोय होती.

वऱ्हाडी माणूस पहिल्याच भेटीत तुमचं वय, पगार आणि लग्न का झालं नाही हे विचारतो. पुण्यात हेच सगळं विचारतात, फक्त तुमच्या मागे. वकीलकाकूंनी तर मी पाय धुवायच्या आतच विचारलं, "काहून वं बाई, इतकी शिकली, आता लगन कवा करतं?" मला त्या आवडल्या. त्यांच्या हातच्या पातोडीच्या रश्शानं माझ्या डोळ्यांतून, नाकातून पाणी आलं, आणि त्यांनी आणखी दोन पळ्या वाढल्या.

जेवायला दादासाहेब नावाचे एक गृहस्थ होते. अकोल्याजवळचे मोठे शेतकरी, जातीनं देशमुख, नागपूरला बी.ए.पर्यंत जाऊन परत आलेले. त्यांनी माझ्या कामाची फार आस्थेनं चौकशी केली.

"म्हणजे तुम्ही भाटाचंच काम करता," ते म्हणाले. वऱ्हाडात घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणारे भाट दर काही वर्षांनी येतात, वही वाचून दाखवतात आणि बिदागी घेऊन जातात.

भाट म्हटल्यावर मला झोंबलं. "भाट बिदागी पाहून लिहितो," मी म्हणाले. "मी खरं ते लिहिते. माझ्या गावातलं एक लग्न, एक मूल वहीतून सुटायचं नाही."

"कोणतं गाव?"

मी सांगून टाकलं. वर ज्यांच्या घरी उतरणार होते त्या नानासाहेबांचं नावही सांगितलं. दादासाहेबांनी हातातला घास तसाच धरला आणि मग हसून म्हणाले, "नानासाहेबांची सुमन आमच्या पुतण्यासाठी पाहून राहिलो आम्ही. घराणं चांगलं हाय म्हणतात. पण मागं एकदा आम्ही फसता फसता वाचलो. आजेसासू पाटाची निघाली."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. शेजारच्या कुणब्यांत तो चालतो, देशमुखांत नाही, आणि कुणाच्या घरात निघाला तर सोयरीक मोडते. मी मनात म्हटलं, काय ही माणसं. मग आमच्या घरातली केस काढलेली, आलवणातली चुलत आजी आठवली आणि गप्प बसून ताक प्याले.

अमरावती आणि पुढे

अमरावतीला सरकारी कचेरीतून परवानगीचा कागद घ्यायचा होता. कारकुनानं तो चारदा वाचला आणि विचारलं, "डोकी मोजता म्हणजे लढाईची भरती तर नाही ना?" मी नाही म्हटलं. त्यानं शिक्का मारला, पण विश्वास काही ठेवला नाही.

तिथून मोटारीनं अंजनगावला गेले. वाटेत काळ्या जमिनीला अशा भेगा पडलेल्या की आत हात जाईल. शेतांत उपटलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग, आणि उत्तरेला मेळघाटाचे डोंगर निळे, अगदी दूर. अंजनगावात उतरले आणि माझी पत्र्याची पेटी मोटारीच्या टपावर तशीच दर्यापूरला निघून गेली. डोकी मोजायचा लोखंडी चिमटा तिच्यात होता. पेटी तिसऱ्या दिवशी आली, चिमटा कधीच आला नाही. वही मात्र खांद्याच्या पिशवीत होती. ती मी झोपतानाही उशाला घेत असे.

अंजनगावच्या पानमळ्यांतून बैलगाडी गेली तेवढाच रस्ता गार होता. पुढे दोन तास नुसता धुरळा.

गाव

नानासाहेबांचं घर धाब्याचं, म्हणजे सपाट छपराचं, जाड मातीच्या भिंतींचं, आत शिरलं की डोळ्यांना थंड वाटायचं. नानासाहेब कमी बोलणारे. पहिली बायको लवकर वारली, मग गोदाबाईंशी लग्न झालं. गोदाबाई मोगलाईतल्या, म्हणजे पैनगंगेपलीकडच्या निजामाच्या मुलखातल्या. चाळिशीच्या, ताठ, हाताला विलक्षण चलाख. त्यांच्या माहेरचं कुणी कधी येत नाही, हे गावाला ठाऊक होतं. फार लांब, असं सगळे म्हणत. सुमन सतरा वर्षांची, आणि तिच्या पाठचे दोन भाऊ.

पहिल्या दिवशी मी गोदाबाईंना विचारलं, "मुलं किती?" त्या म्हणाल्या तीन. आठ दिवसांनी विचारलं, तीनच. तिसऱ्यांदा विचारलं ते धाब्यावर, दुपारी, आम्ही कुरडयांचं वाळवण उलटत होतो तेव्हा. मी अगदी सवयीनं विचारलं. लक्षसुद्धा नव्हतं.

"चार," त्या म्हणाल्या.

मी वर पाहिलं. त्या कुरडया उलटतच होत्या.

नवव्या वर्षी त्यांचं पहिलं लग्न झालं होतं. सोळाव्या वर्षी मुलगा झाला, गणपत. तो दोन वर्षांचा असताना नवरा किसनराव वारला. वडिलांनी मग पोरगी परत आणली आणि हे सगळं पुसून वऱ्हाडात देऊन टाकली. मूल ज्याचं त्याच्या घराण्याचं, म्हणून गणपत तिकडेच राहिला. नानासाहेबांना हे माहीत होतं, तेही बिजवर, त्यांनी कधी शब्द काढला नाही. आणखी कुणालाच माहीत नव्हतं.

"बावीस वर्षं झाली," गोदाबाई म्हणाल्या. "कोणी इचारलंच नाही मले. तुमी तीन डाव इचारलं. लिहा त्याले. कुठीतरी लिहिलेला असू द्या."

मी लिहिला. खरं सांगते, त्या क्षणी मला दुःखाआधी आनंद झाला. सरांचा नियम खरा ठरला होता, आणि असं काही दुसऱ्या कुणाच्या वहीत नसणार. आमच्या रीतीत बाईला वर्तुळ, पुरुषाला त्रिकोण. त्रेचाळिसाव्या पानावर मी गोदाबाईंचं वर्तुळ काढलं, त्याच्या डावीकडे किसनरावांचा त्रिकोण, दोघांना जोडणारी लग्नाची रेघ, ते लग्न संपलं म्हणून छेद दिलेली, आणि खाली एक छोटा त्रिकोण. त्याखाली लिहिलं, गणपत, वय चोवीस. मग खाली आले आणि दोन पेले पन्हं प्याले. अकोल्याच्या जेवणाची मला आठवणही झाली नाही.

आठवण झाली ती पाच दिवसांनी. दादासाहेब आणि मुलाकडची चार माणसं सोयरीक पक्की करायला आली तेव्हा. मी आतल्या खोलीत वही उघडून बसले होते, आणि बाहेर दादासाहेबांचा आवाज आला, "पुण्याच्या ताई हायेत ना अठी? त्यांले बोलवा. त्यांच्या वहीत समदं लिहिलेलं असते."

चुलीपाशी गोदाबाई डाळीचे फुणके वळत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी बाहेर गेले. बैठकीत सात-आठ पुरुष, गादीवर पानाचं तबक, नानासाहेब भिंतीला टेकलेले. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"वही खाजगी असते," मी म्हणाले.

"खाजगी काहून?" दादासाहेब हसत म्हणाले. "तुम्हीच तर म्हटलं, एक लगन सुटायचं नाही म्हणून. आम्ही भाटाले मानत नाही आता. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं वाचलं की आमचं काम झालं. वाचा."

नाही म्हटलं असतं तरी तिथंच संपलं असतं. न वाचलेली वही वाचलेल्या वहीपेक्षा वाईट, एवढं मला त्या आठ जणांच्या डोळ्यांत दिसत होतं. मी वही उघडली आणि वाचायला लागले. नानासाहेबांचे पणजोबा, आजोबा, दोन चुलते, त्यांच्या बायका, त्यांची माहेरं. मग गोदाबाई आल्या.

"गोदाबाई," मी वाचलं, "लग्न एक. मुलं तीन."

असं मी वाचलं. शास्त्राचं जे काही शपथेसारखं असतं ते त्या ओळीत गेलं.

दादासाहेबांनी मान डोलावली. आणि मग, अगदी कौतुकानं, हात पुढे करून म्हणाले, "पाहू तर खरं, तुमची लिहायची रीत कशी हाय."

वही त्यांच्या हातात गेली. त्यांचं बोट पानावरून फिरलं आणि थांबलं.

"हे वर्तुळ गोदाबाई. हा त्रिकोण कोण? किसनराव?"

"त्यांचे भाऊ," मी म्हणाले. "वारले."

"आन् हा खालचा, गणपत?"

"भावाचा मुलगा. भाचा."

आत चुलीपाशी भांडं पडल्याचा आवाज झाला. नानासाहेबांनी डोळे मिटले. दादासाहेब त्रिकोणाकडे पाहत राहिले.

"भाचा हाय?" ते म्हणाले. "मंग आम्ही तर ऐकलं होतं का यांच्या माहेरी कोणी नाहीच. मुलीले मामा नाही म्हणून आमच्या घरच्या बाया कुरकुर करून राहिल्या होत्या. मामा नाही तर मामेभाऊ उभा राहीन मुलीच्या मागं. नानासाहेब, बोलवा त्याले."

नवरीच्या पाठीशी अंतरपाटाच्या वेळी मामा उभा राहतो, हे आमच्याकडेही आहे. मामा नसला तर मामेभाऊ. इतकी साधी रीत, आणि मला ती सुचली नव्हती. एम.ए.च्या वर्गात विवाहविधींवर मी पंचवीस पानं लिहिली होती.

"बोलावतो," नानासाहेब म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

पत्र

सोयरीक ठरली, साखरपुडा झाला, तिथी पंधरा दिवसांवर निघाली. त्या पंधरा दिवसांत त्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. सुमन हसायची, कारण तिला काही ठाऊक नव्हतं.

मी नानासाहेबांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "तुमी वाचवलं बी आन् बुडवलं बी." आणि शेतावर निघून गेले.

पत्र मी लिहिलं, गोदाबाईंनी सांगितलं. मला वाटलं होतं त्या रडतील, सगळी हकीकत सांगतील. त्यांनी चार ओळी सांगितल्या. "चिरंजीव गणपतरावास आशीर्वाद. तुही आत्या जिवंत हाय, वऱ्हाडात हाय. आत्याच्या लेकीचं लगन हाय. मामाच्या जागी उभं राहाले ये."

"त्याला आत्या आहे का?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर समजीन त्याले."

"आणि नाही समजलं तर?"

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि घडी घातली. पत्र घेऊन नानासाहेबांचा भरवशाचा गडी पैनगंगेपलीकडे गेला. आठ दिवसांनी परत आला. पत्र हातात दिलं, म्हणाला. गणपतरावांनी वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, त्याला जेवू घातलं, आणि हो किंवा नाही काहीच म्हणाले नाहीत.

तो न आला तर दादासाहेब विचारणार, काहून आला नाही, कुठं राहतो, चला पाहून येऊ. आला आणि मांडवात "आई" म्हणाला, तर सगळंच संपलं. मी उरलेली अकरा घरं त्या दिवसांत कशी पुरी केली ते मला आठवत नाही. एका म्हाताऱ्याला मी त्याच्या बापाचं नाव तीनदा विचारलं. तो म्हणाला, "बाई, तीनदा इचारल्यानं बाप बदलत नाही."

लग्न

मुलाकडचं वऱ्हाड सकाळीच आलं. मांडवाला आंब्याचे टहाळे, जमिनीवर पाणी शिंपडलेलं आणि ते दहा मिनिटांत वाळलेलं. जेवणाला रोडगे, वांग्याची भाजी, आमरस.

दुपार टळली. मुहूर्त गोरज. दादासाहेब दोनदा येऊन विचारून गेले, "भाचा आला का?" तिसऱ्यांदा ते थेट गोदाबाईंना विचारायला निघाले होते, तेवढ्यात वेशीकडून एक माणूस चालत आला. उंच, धुळीनं भरलेला, डोक्याला तांबडा फेटा, हातात एक पिशवी. गोदाबाई ओसरीवर उभ्या होत्या. त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही. त्याचं कपाळ, नाक, चालताना खांदा किंचित पुढे टाकणं, सगळं त्यांचंच होतं. मला इतकं स्वच्छ दिसलं की इतरांना कसं दिसत नाही याचीच भीती वाटली.

तो ओसरीच्या पायरीशी थांबला. मांडवातली माणसं पाहत होती. दादासाहेब चार हातांवर उभे होते. गोदाबाईंनी पदर घट्ट धरला होता.

तो वाकला, पायांवर डोकं ठेवलं, आणि बराच वेळ उठला नाही. मग उठून म्हणाला, "आत्या, उशीर झाला. वाटंत मोटार मिळाली नाही."

"हात-पाय धू," गोदाबाई म्हणाल्या. "मुहूर्ताले टाइम हाय."

एवढंच. दादासाहेबांनी त्याला मिठी मारली, म्हणाले, "पाव्हणे, तुमच्यासाठी जीव टांगला होता आमचा." माझाही टांगला होता.

अंतरपाट धरला तेव्हा गणपत सुमनच्या मागे उभा राहिला, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर. मंगलाष्टकं चालली होती. तो समोर पाहत नव्हता, खाली तिच्या मुंडावळ्यांकडे पाहत होता. ही आपली बहीण, हे त्या मांडवात त्याला आणि आम्हा तिघांना माहीत होतं.

परत

निकाल आधी सांगून टाकते, कारण वाचकांना तोही हवा असतो. मला पहिला वर्ग मिळाला. विभागाच्या फळ्यावर नाव लागलं, बायकांतलं पहिलं. तोंडी परीक्षेत सरांनी वही चाळली आणि विचारलं, "त्रेचाळिसाव्या पानावर शाई सांडली आहे. खालचं काही वाचता येत नाही."

"माझा धक्का लागला," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पान उलटलं. अहवालात त्यांनी लिहिलं की वंशावळी अत्यंत काटेकोर आहेत. प्रबंधात गणपत हा गोदाबाईंच्या दिवंगत भावाचा मुलगा आहे. तो भाऊ कधी जन्मलाच नव्हता. त्या फळ्यासमोरून जाताना मी वर पाहत नाही.

पण ती शाई मी ठरवून ओतली, आणि ते ठरलं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. सुमन सासरी गेली होती. गणपत पहाटेच निघाला होता. जाताना त्याच्या पिशवीत गोदाबाईंनी काय काय भरलं, ते बांधायला मला बोलावलं होतं. कुरडया, सांडगे, तिखट, लोणचं. त्या भरत राहिल्या आणि तो "पुरे, आत्या" म्हणत राहिला.

तो गेल्यावर मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसले. म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात, कुठंतरी लिहिलेला असू दे. पान तसंच आहे. प्रबंध पुण्याच्या कपाटात राहतो, इकडे कुणी वाचायला येत नाही. तुम्ही म्हणाल तर मी खरंच लिहीन."

गोदाबाई अंगणातल्या उष्ट्या पत्रावळी उचलत होत्या. हात धुतले, पदराला पुसले.

"पोयाच्या सणाले येतो म्हणून गेला तो," त्या म्हणाल्या. "दिवाईले बी येईन. आत्याच्या घरी भाच्यानं आलं तर कोण काहून म्हणते? लेक लिहिलं तर तो तुमच्या कपाटात राहीन, ताई. भाचाच लिहा. भाचा येते."